सरांचा जोडब्रेक

"डावा! डावा दाब!"

पेणमध्ये मी ज्या घरात भाड्याने राहत होते, तिथल्या घरमालकांचं हे रोजचं सुप्रभात. मी स्कूटर सुरू केली रे केली, की वरच्या गॅलरीतून हा आवाज यायचा. अहो, गाडी अजून स्टँडवर आहे, चाक हललेलं नाही आणि हे ब्रेक दाबायला सांगतायत! समोरच्या इमारतीतली माणसं दात घासत घासत बघायची. मी मान वर न करता डावा लिव्हर दाबायचे, "दाबला सर" म्हणायचे, मगच सुटका. एकदा उशीर झाला म्हणून तशीच निघाले, तर संध्याकाळी परत आल्यावर जिन्यात उभे. "सकाळी दाबला नाहीस." दिवसभर ते तेवढंच धरून बसले होते.

त्यांना सगळं पेण सरच म्हणायचं. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पण शिकवणं काही निवृत्त झालेलं नव्हतं. मी खोली बघायला गेले तेव्हा इतर घरमालक काय विचारतात? नोकरी कुठे, नवरा काय करतो, पाहुणे किती येतात. सरांनी विचारलं, "गाडी कुठली?"

मी सांगितलं, स्कूटर आहे.

"ब्रेक सुटे का जोडलेले?"

मला काय ठाऊक! मी म्हटलं, दाबला की लागतो. त्यावर सरांनी कपाळाला हात लावला आणि आतल्या दिशेने ओरडले, "अगं, चहा टाक. हिला वेळ लागणार हाय."

वेळ लागलाच. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. पेणपासून रोह्यापर्यंत छोट्या छोट्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून आणायचं माझं काम. बर्फाचा डबा पायाशी ठेवून वडखळ, गडब, नागोठणे, निडी, रोहा, आणि परत. म्हणजे दिवस सगळा गाडीवर. हे ऐकल्यावर सरांना जणू आयुष्याचं कामच सापडलं. खोली मला त्या क्षणी मिळाली. बरोबर काय काय मिळणार आहे हे कळलं असतं तर मी त्या जिन्यानेच खाली पळाले असते.

पहिल्या रविवारी मी बाजारातून पिशव्या घेऊन आले तर पुढचं दार माझ्या तोंडावर धाडकन बंद झालं. मागच्या बाजूने काकूंचा आवाज, "अहो, दार उघडा! कपडं वाळत घालाय आले मी!" दोघी दोन बाजूंना बाहेर. खिडकीतून डोकावले तर आत सर मधल्या खोलीत जमिनीवर बसलेले, हातात कपड्यांचा लाकडी हँगर. हँगरच्या दोन्ही टोकांना दोऱ्या बांधून, खिडक्यांच्या गजांवरून फिरवून एक मागच्या दाराला आणि एक पुढच्या दाराला नेलेली. पुढच्या दाराच्या दोरीला सायकलच्या ट्यूबचा एक रबरी तुकडा बांधलेला.

"बघितलंस?" दार उघडून सर म्हणाले. चेहऱ्यावर असा आनंद, की कुणाला वाटावं मुलगा बोर्डात आला. "हँगर एक. ओढणारा हात एक. दारं दोन. आधी कुठलं लागलं?"

"माझ्या नाकावर लागलं ते पुढचं," मी म्हटलं.

"चूक! आधी मागचं लागलं, मग पुढचं. ते रबर पुढच्याला जरा मागे धरतं. हाच जोडब्रेक."

मग माझ्या पिशवीतली कोथिंबीर सुकेपर्यंत तास झाला. पण खरं सांगायचं तर समजलं. तुमच्या स्कूटरचा डावा लिव्हर दाबला, की तो आतली एक छोटी पट्टी ओढतो. त्या पट्टीच्या एका टोकाला मागच्या चाकाची केबल, दुसऱ्या टोकाला पुढच्या चाकाची. एक स्प्रिंग पुढच्या टोकाला किंचित अडवून धरते, म्हणून आधी मागचं चाक धरलं जातं आणि लगेच मागोमाग पुढचं. उजवा लिव्हर फक्त पुढच्याचा. "माणूस घाबरला की काय करतो?" सर विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता सांगायचे, "एकच ब्रेक दाबतो. मागचा. पुढचा दाबला तर उलटा पडेन म्हणून त्याला हात लावत नाही. पण गाडी थांबताना वजन सगळं पुढे येतं. थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात! मागचं एकटं बिचारं काय करणार? घसरत जातं. म्हणून दोघांना जोडलं. हात चुकला तरी पट्टी वाटून देते."

"हात चुकला तरी पट्टी वाटून देते." हे वाक्य मी त्या घरात इतक्या वेळा ऐकलं, की भांडी घासतानासुद्धा ते कानात वाजायचं.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे तर शिक्षाच. वांगं दाबून बघावं तसे हे रस्त्यावर लावलेल्या लोकांच्या गाड्यांचे ब्रेक दाबून बघायचे. अनोळखी गाड्या! कुणी दुकानातून "ओ, ओ, काय करताय?" म्हणत धावत यायचा. त्यातले निम्मे त्यांचे विद्यार्थी निघायचे आणि "सर तुम्ही होय" म्हणून हसायचे. उरलेले निम्मे माझ्याकडे बघायचे. मी भाजीवाल्याच्या छत्रीआड उभी राहायचे आणि हे माझे कुणी नाहीत असा चेहरा करायचे. तेवढ्यात सर मोठ्याने म्हणणार, "ये गो, बघ, ह्याची केबल किती सैल हाय!"

आणि दसरा. घरातली विळी, कात्री, पक्कड, सरांची स्कूटर, सगळ्यांना झेंडू. पूजेच्या पाटावर केबलचं एक वेटोळं होतं. तेल लावून, स्वच्छ पुसून ठेवलेलं, वर हळदकुंकू. मी विचारलं, ही कसली केबल? सर म्हणाले, "राहू दे. हाय एक." दिवसभर बडबडणारा माणूस एवढ्यावर उठून पक्कडीला झेंडू लावायला गेला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्याहून मोठं कोडं म्हणजे काकूंचं माहेर. काकू निडीच्या. तिथे त्यांचा भाऊ शेती करतो. काकू एका पायाने जरा लंगडत चालायच्या, पण माहेरी जायचं म्हटलं की पेण स्टेशनचा जिनासुद्धा त्यांना आडवा यायचा नाही. सर त्यांना गाडीत बसवून द्यायचे, म्हणजे रेल्वेच्या गाडीत. रिक्षाने स्टेशनात आणून पॅसेंजरमध्ये बसवायचे आणि मग घरी येऊन स्वतःची स्कूटर काढून रस्त्याने निडीला निघायचे! एकदा मी रोह्याहून परतताना सहज निडी स्टेशनात डोकावले, तर प्लॅटफॉर्मच्या बाकावर सर. हेल्मेट डोक्यात तसंच, पट्टा आवळलेला.

"सर, काकू कुठायत?"

"येतेय. गाडी लेट हाय."

"मग तुमच्याच मागे बसवून का नाही आणलंत? सीट रिकामीच आली ना?"

सरांनी बाहेर माझ्या गाडीकडे बोट केलं. "तुझा डबा उन्हात हाय," म्हणाले. "रक्त खराब होईल. जा."

आता या माणसाला काय म्हणावं? सगळ्या गावाला ब्रेक शिकवतो आणि बायकोला मागे बसवत नाही. मी रस्ताभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आले.

त्या दसऱ्यानंतर काही दिवसांनी माझी गाडी पंक्चर झाली. रोह्याचे नमुने तर आणायलाच हवे होते. सर बाहेर गेलेले. काकू म्हणाल्या, "ह्यांची ने गो. उभीच तर हाय." मी नेली. जाताना लिव्हर जरा खोल जातोय असं वाटलं, पण वाटलं, जुन्या माणसाची गाडी, हळू जाऊ. येताना गडबच्या दुकानांपाशी पुढचा टेम्पो एकदम थांबला. मी डावा दाबला. सरांनीच लावलेली सवय ना! लिव्हर पार मुठीपर्यंत आला, मागचं चाक सरकन एका बाजूला गेलं. उजवा दाबला, तर तो नुसता सैल, हाताला काही लागलंच नाही. टेम्पोच्या मागच्या फळीवर मी गाडीसकट जाऊन आदळले. गुडघा फुटला, डबा उलटला, काही नळ्या फुटल्या. त्यातली एक नागोठण्याच्या एका म्हाताऱ्या आजींची होती. दुसऱ्या दिवशी परत रक्त काढायला गेले तर आजी म्हणाल्या, "कालचं काय केलंस गो? पिलीस?"

तिथल्याच गॅरेजवाल्याने गाडी उभी करून बघितली आणि म्हणाला, "म्याडम, हिची पुढची केबल कोणीतरी काढूनच टाकलीय. पट्टीचं एक टोक मोकळं लटकतंय, म्हणून लिव्हर एवढा आत जातो. आणि उजवा ब्रेक मुद्दाम ढिला केलाय."

कोणीतरी! माझ्या डोळ्यांसमोर ते दसऱ्याचं वेटोळं आलं, हळदकुंकवासकट.

घरी आले ती चपलांसह वर गेले. सर पेपर वाचत होते. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "मला रोज सकाळी डावा डावा करता, लोकांच्या गाड्या दाबत फिरता, दारं बंद करून शिकवता, आणि स्वतःच्या गाडीला पुढचा ब्रेकच नाही? मेले असते मी आज!"

सरांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं. पेपर गळून पडला त्यांच्या हातातून. "माझी गाडी तुला कोणी दिली?"

"मी दिली," काकू आतून म्हणाल्या. "मला काय म्हाईत तुम्ही तिची केबल काढलीय ते?"

मग ते बाहेर आलं. वर्षं झाली त्याला. तेव्हा सरांकडे मोटरसायकल होती. भाऊबीजेला दोघं निडीला चालले होते. त्या दिवसांत भात झोडून झालेलं असतं आणि निडीकडची माणसं पेंढा वाळायला सरळ डांबरी रस्त्यावर पसरतात. ऊन चांगलं लागतं, जागा आयती, गाड्यांनी वरून जावं नाहीतर थांबावं. त्या पेंढ्यावर समोर म्हैस आली आणि सरांनी पुढचा ब्रेक दाबला. चाक सरकलं. सरांनी पाय टेकून गाडी कशीबशी सावरली आणि मागे बघितलं, तर काकू रस्त्यात पडलेल्या. कमरेचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून तो पाय तसाच.

"माझ्या हाताने झालं ते," सर म्हणाले. "बाकीच्यांचा हात चुकलेला नाय. माझा चुकलाय. माझ्या हाताखाली पुढचं चाक द्यायचं नाय."

"पण आता जोडब्रेक आहे ना!" मी ओरडलेच. "हात चुकला तरी पट्टी वाटून देते! कोण म्हणतं हे? मी म्हणते?"

"वाटून देते. घसरण थांबवत नाय. पेंढ्यावर दोन्ही चाकं सरकली तर पट्टी काय करणार?" इतक्या शांतपणे बोलले, जणू वर्गात शंका विचारली होती कुणी.

"गाडीनं मला पाडलंच नाय मुळी," काकू म्हणाल्या. त्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. "चाक हललं आन् मी भ्याले. मीच उडी मारली. बसून ऱ्हायले असते तर कायबी झालं नसतं. हजारदा सांगितलं ह्यांना."

"माझ्या समाधानासाठी बोलते ती," सर मला म्हणाले.

"बघ! बघ गो! ऐकतात का?" काकूंनी दोन्ही हात वर केले. "शाळेत पोरांना शिकवून शिकवून कानच गेले ह्यांचे."

मला हसावं की रडावं कळेना. गुडघा ठणकत होता आणि हा माणूस, ज्याला सगळं समजत होतं, त्याला एवढं साधं समजत नव्हतं.

मग आली ती भाऊबीज. सकाळी काकू नवं लुगडं नेसून, पिशवीत ओवाळणीचं ताट घेऊन तयार. स्टेशनवरून निरोप आला की रुळांच्या कामामुळे पॅसेंजर आज रद्द. सर रिक्षा शोधायला गेले. सणाच्या दिवशी रिक्षा कुठली! सगळ्या आधीच कुणीतरी ठरवलेल्या. सणाच्या गर्दीत एसटीच्या उंच पायऱ्या त्या कमरेने काकूंना चढवत नव्हत्या. सर घामाघूम होऊन परत आले आणि म्हणाले, "उद्या जाऊ."

"उद्या भाऊबीज असती का?" काकू म्हणाल्या. भाऊ वयाने मोठा, मागच्या महिन्यापासून अंथरूण धरलेला. "तो उठून पाटावर बसल माझ्यासाठी. पुढच्या वर्साला बसल का नाय, देवाला ठाऊक. मी आज जानार."

मी म्हटलं, "चला, माझ्या मागे बसा. मी नेते."

"नाय!" सर असे ओरडले की मी दचकले.

"हिच्या मागं नाय बसायची मी," काकू म्हणाल्या. सरांना वाटलं सुटलो. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "तुमच्या मागं बसनार. आधी ती केबल जोडा."

सर परत एकदा रस्त्यावर रिक्षा बघून आले. मी मनात म्हटलं, आता संध्याकाळपर्यंत इथेच. काकू खुर्चीत बसल्या, मांडीवर पिशवी घेतली आणि त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. शेवटी सर आत गेले आणि ते वेटोळं घेऊन आले. दसऱ्याच्या कुंकवाचा डाग अजून त्यावर होता. गॅरेजं बंद, म्हणून अंगणात स्वतःच बसले. पाना सारखा निसटायचा. मी घ्यायला गेले की झटकायचे. एकदा जोडलं, परत सोडवलं, परत जोडलं. उजवा ब्रेक आवळला. मग गाडी ढकलत डावा दाबून बघितला. आधी मागचं चाक धरलं, मग गाडीने पुढे मान खाली घातली. सरांनी ते किती वेळा केलं, माझ्या संयमाची पार वाट लागली. "सर, भाऊबीज आजच आहे!"

काकू मला म्हणाल्या, "तू बी ये मागनं. हे वाटेत बसले तर ढकलाय कोन पायजे."

तो प्रवास देवाने कुणाला देऊ नये. सर ज्या वेगाने चालले होते, त्या वेगाने सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते. एकाने तर वळून विचारलं, "पेट्रोल संपलं काय?" नागोठणं सोडून निडीचा रस्ता लागला आणि समोर पेंढा. अख्खा रस्ता पिवळा. सरांनी लांबूनच गाडी थांबवली. काकूंना उतरवलं. स्वतः उतरले. गाडी हाताने ढकलत पेंढा पार केला, मागे माझी गाडी ढकलत मी आणि एका हाताने माझा खांदा धरून लंगडत लंगडत काकू. "हे असंच हाय बघ," त्या पुटपुटल्या. "मला चालवतील, पन बसवनार नाय."

भाऊ खरंच उठून पाटावर बसला होता. पाठीला लोड लावून, नवा शर्ट घालून. काकूंनी ओवाळलं तेव्हा दोघंही रडली. त्यांनी मलाही ओवाळायला लावलं, वर करंज्या बांधून दिल्या. सर बाहेर भाच्याच्या मोटरसायकलचे ब्रेक दाबून बघत होते.

दुपार कलायला लागली तशी आम्ही निघालो. परत तोच पेंढा. सरांनी गाडी थांबवली, पाय टेकले आणि म्हणाले, "उतर."

"नाय."

"अगं, उतर म्हणतोय."

"उतरनार नाय मी. न्या तशीच."

मी मागे गाडी लावून बघत होते. माझ्या मागे एक छोटा हत्ती टेम्पो येऊन उभा राहिला आणि हॉर्न मारायला लागला. सरांनी मान वळवली नाही. गाडी हळूहळू पेंढ्यावर शिरली. अगदी मध्यावर आले आणि कडेच्या शेतातून एक कुत्रं आडवं आलं. जागच्या जागी मी ओरडले, माझ्या तोंडून काय निघावं? "डावा! सर, डावा!"

त्यांनी दाबला. चाकाखालचा पेंढा सरकला, गाडी वीतभर तिरकी झाली आणि थांबली. उभी. कुत्रं निघून गेलं. सरांनी दोन्ही पाय टेकलेले, डावा लिव्हर मुठीत एवढा आवळलेला की बोटं पांढरी पडली होती. हॉर्न चालूच होता. मी म्हटलं, "सर, झालं, सोडा आता ब्रेक." सोडेनात. मागे वळून बघायची हिंमत त्यांना होत नव्हती. इतकी वर्षं तो माणूस त्या एका वळून बघण्यापाशी अडकलेला होता आणि मी त्याला नुसता चक्रम समजत होते.

समोर बघतच त्यांनी विचारलं, "आहेस का गं?"

काकूंनी एका हाताने ताटाची पिशवी सावरली आणि दुसरा हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

"हाय. बसलेय मी. चला आता."